आकाशातील ‘लाइन क्लिअर’

शाळेच्या ॲटलासमधला भारताचा नकाशा उघडा आणि पट्टी घेऊन त्यावर दोन रेषा काढा. एक मुंबईपासून कोलकात्यापर्यंत आणि दुसरी दिल्लीपासून चेन्नईपर्यंत. या रेषा एकमेकींना कोठे छेदतात ते पाहा. नकाशा बऱ्यापैकी अचूक असेल, तर छेदनबिंदू वर्धा जिल्ह्यात, वर्धा आणि हिंगणघाट यांच्या दरम्यान कोठेतरी पडेल. पट्टी थोडीफार हलली तरी तो फार दूर जाणार नाही.

जमिनीवरही जवळजवळ हेच चित्र दिसते. मुंबई–हावडा लोहमार्ग बडनेरा, वर्धा करीत नागपूरला जातो. दिल्ली–चेन्नई मार्ग नागपूरहून सेवाग्राम, हिंगणघाट, बल्लारशा असा दक्षिणेला उतरतो. दोन मोठे मार्ग येथे एकमेकांना भेटतात. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हाही हाच भूगोल उपयोगी पडला. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परतत.

प्रत्यक्षात विमाने पट्टीने काढलेल्या रेषेवरून जात नाहीत, आखून दिलेल्या हवाई मार्गांवरून जातात. तरीही निरभ्र रात्री वर्ध्याच्या माळरानावर उभे राहिले, तर वेगवेगळ्या दिशांनी जाणारे लुकलुकते दिवे दिसतात. पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की ही विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत? याचे उत्तर आपण सहसा यंत्रांत शोधतो. रडार, संगणक, उपग्रह यांचा त्यात मोठा वाटा आहे हे खरेच. पण विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेचा इतिहास चाळला, तर त्याच्या मध्यभागी एक अगदी साधी अडचण सापडते. एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला तशीच कळली आहे, याची खात्री कशी करायची?

रुळांवरचा पहिला धडा

हा प्रश्न विमानांच्या आधी आगगाड्यांपुढे आला. सुरुवातीच्या काळात अनेक मार्गांवर एक गाडी गेल्यानंतर ठरावीक मिनिटांनी दुसरी सोडत. पहिली गाडी तेवढ्या वेळात पुढे गेलीच असेल, असे गृहीत धरलेले असे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ हे गृहीत खोटे ठरले. सहलीला निघालेल्या मुलांची गाडी चढावर अडकली. तिचे मागचे डबे सोडवून ठेवले असता ते उतारावरून घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यात मुले बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर ‘ब्लॉक’ पद्धत सक्तीची केली.

ब्लॉक पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी ठेवायची. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर पुढच्या स्थानकाकडे ‘लाइन क्लिअर’ मागतो. पुढच्याने मार्ग मोकळा असल्याचे कळवल्याशिवाय गाडी हलत नाही. एकेरी मार्गावर तर चालकाच्या हाती टोकनचा गोळा पडल्याशिवाय त्याला स्थानक सोडता येत नसे. गर्दीच्या मार्गांवर आता स्वयंचलित सिग्नल आले आहेत, पण तत्त्व तेच आहे.

आपल्या रेल्वेत आणखी एक मार्मिक प्रथा आहे. स्टेशनमास्तर आणि फाटकवाला दूरध्वनीवर बोलतात, तेव्हा ते एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात आणि तो वहीत लिहून ठेवतात. नुसते ‘हो, केले’ म्हणून चालत नाही. नंबर मिळाला म्हणजेच निरोप पोचला आणि त्याची जबाबदारी कोणीतरी घेतली, असे मानायचे. निरोप देणाऱ्याचे काम बोलून संपत नाही, घेणाऱ्याकडून पावती आल्यावर संपते. पुढे विमान वाहतुकीला हाच धडा फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला.

रूळ नसलेला मार्ग

७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतावर लंडनहून पॅरिसला जाणारे आणि पॅरिसहून लंडनकडे येणारे अशी दोन विमाने धुक्यात समोरासमोर आदळली. त्या काळी वैमानिक जमिनीवरचा रस्ता पाहत पाहत उड्डाण करीत. दोघेही एकाच रस्त्याच्या मागाने निघाले होते. दोन्ही विमानांतील सातही माणसे दगावली.

अमेरिकेत १९३५च्या अखेरीस विमान कंपन्यांनी एकत्र येऊन नेवार्क येथे हवाई मार्गांवरचे पहिले नियंत्रण केंद्र काढले आणि पुढच्या वर्षी सरकारने ते आपल्याकडे घेतले. तेथील नियंत्रकांकडे रडार नव्हते आणि वैमानिकांशी थेट बोलण्याची सोयही नव्हती. नकाशावर छोट्या खुणा सरकवून ते विमानांच्या जागांचा अंदाज बांधत आणि निरोप विमान कंपन्यांमार्फत पाठवत.

रेल्वेच्या ब्लॉकची जागा येथे ‘अंतर’ या कल्पनेने घेतली. दोन विमानांमध्ये उंचीचे किंवा आडवे, यांपैकी एक तरी ठरलेले अंतर राहिलेच पाहिजे. उंचीचे अंतर साधारणपणे १,००० फूट असते. फार उंचावर ते पूर्वी २,००० फूट ठेवत. उंचीमापक अधिक अचूक झाल्यावर तेथेही १,००० फूट पुरेसे मानले जाऊ लागले. भारतात हा बदल २००३ साली झाला.

आकाशाचेही विभाग पाडलेले असतात. भारताच्या आकाशाचे मुख्य विभाग दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे आहेत आणि त्यांचे आणखी उपविभाग आहेत. विमान एका विभागातून दुसऱ्यात जाताना पहिला नियंत्रक ते दुसऱ्याच्या हवाली करतो. कोणते विमान, किती उंचीवर, किती वाजता आणि कोठे सीमा ओलांडणार, हे त्याला आधी कळवावे लागते. या देवघेवीला समन्वय म्हणतात. रिले शर्यतीत धावपटू सहसा धावताना चुकत नाहीत, काठी हातातून हातात देताना चुकतात. येथेही तसेच घडते.

माँ ब्लाँवरचे पाच मैल

२४ जानेवारी १९६६. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान दिल्ली, बैरुत, जिनिव्हा या मार्गाने लंडनला चालले होते. विमानात ११७ माणसे होती. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले डॉ. होमी भाभा त्यांत होते. सकाळी जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या शिखराजवळ डोंगरावर आदळले. कोणीही वाचले नाही.

या अपघातामागे कट होता अशी कुजबुज तेव्हापासून चालत आली आहे. वर्गात भाभांचा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी ते विचारतोच. कटाचा पुरावा मात्र पुढे आलेला नाही. फ्रेंच चौकशीने जे सांगितले ते या कुजबुजीपेक्षा साधे आहे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

विमानाची दिशा व स्थान सांगणाऱ्या दोन ग्राहक यंत्रांपैकी एक बैरुत सोडतानाच बंद होते आणि वैमानिकाला ते ठाऊक होते. विमान १९,००० फुटांवर होते. माँ ब्लाँची उंची सुमारे १५,८०० फूट, म्हणजे तोपर्यंत धोका नव्हता. ढगांच्या वर राहून खाली सगळे स्पष्ट दिसत असेल तरच आणखी खाली या, नाहीतर आहे तीच उंची ठेवा, अशी सूचना जिनिव्हाच्या नियंत्रकाने दिली. ती स्वीकारताना वैमानिकाने आपण माँ ब्लाँच्या बाजूने पुढे जात असल्याचे कळवले. हा अंदाज चुकीचा होता. नियंत्रकाला रडारवर ते दिसत होते. शिखर अजून पुढे होते. त्याने चूक दुरुस्त करण्यासाठी कळवले, की माँ ब्लाँपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत. वैमानिकाने उत्तर दिले, ‘रॉजर’. आणि विमान खाली येऊ लागले.

येथे थोडे थांबून विचार करू. नियंत्रकाने चूक ओळखली होती. त्याने सांगितलेली माहिती बरोबर होती आणि ती वेळेवर सांगितली होती. वैमानिकाने ती ऐकलीही होती. मग बिघडले कोठे? ‘तुमचे स्थान चुकले आहे, शिखर अजून समोर आहे, खाली येऊ नका’ असे त्या वाक्यात ठसठशीतपणे कोठेच नव्हते. कडा मागे पडला असे वैमानिकाच्या मनात पक्के बसले होते आणि ऐकलेले पाच मैल त्याने त्या चित्रात बसवून घेतले. ‘रॉजर’ या शब्दाचा बिनतारी भाषेतील अर्थ ‘तुमचे बोलणे मिळाले’ एवढाच आहे. काय समजले, हे त्यातून कळत नाही. पुरेशी नेमकी शब्दरचना नसल्यामुळे दुरुस्तीचा गैरसमज झाला, असाच चौकशीचा निष्कर्ष होता.

त्या पर्वतावरील हिमनदी वितळत असताना २०२० साली या विमानातील भारतीय वर्तमानपत्रे सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, ही बातमी त्यांवर अजून वाचता येत होती. कागदावरचे शब्द ५४ वर्षे बर्फाखाली टिकले होते. हवेतून गेलेले एक वाक्य मात्र पाच मैलांतही नीट पोचले नव्हते.

दोन थरांच्या मधली फट

नियंत्रकांच्या आपापसांतील समन्वयाची चूक काय करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील झाग्रेबचे आहे. तेथील आकाशाचे उंचीनुसार तीन थर केले होते आणि प्रत्येक थराला वेगळे नियंत्रक होते. १० सप्टेंबर १९७६ रोजी लंडनहून इस्तंबूलला जाणारे एक विमान ३३,००० फुटांवर, म्हणजे वरच्या थरात होते. स्प्लिटहून जर्मनीकडे निघालेले दुसरे विमान मधल्या थरातून ३५,००० फुटांकडे चढत होते.

वरच्या थराच्या जागी दोघांनी बसायचे होते. पण पाळी बदलणारा सहकारी आला नव्हता आणि दुसरा त्याला शोधायला गेला होता. एकटा नियंत्रक दोघांचे काम करीत होता. चढत्या विमानाचा ताबा देण्यासाठी आवश्यक ती देवघेव रीतसर झाली नाही. त्या विमानाची ओळखही वरच्या थराच्या पडद्यावर नीट उमटली नव्हती. त्याच्याशी बोलणे झाले तेव्हा ते पहिल्या विमानाच्या उंचीपर्यंत जवळजवळ पोचले होते. घाबरलेल्या नियंत्रकाने ठरलेली इंग्रजी सोडून मातृभाषेत, आहे त्याच उंचीवर थांबा, असे सांगितले. विमान थांबले ते नेमके ३३,००० फुटांजवळ. चढत राहिले असते तर कदाचित निसटले असते. १७६ माणसे मेली.

या प्रकरणी त्या एकट्या नियंत्रकाला तुरुंगवास झाला. इतर देशांतील नियंत्रकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि शिक्षेची मुदत संपण्याआधी त्याची सुटका झाली. एका माणसाला तुरुंगात टाकल्याने रिकामी खुर्ची भरत नाही, हे त्यांचे म्हणणे हळूहळू मान्य झाले. योगायोगाने त्याच १९७६ साली अमेरिकेत ‘नासा’ने वैमानिक व नियंत्रकांसाठी एक योजना सुरू केली. स्वतःची किंवा दुसऱ्याची चूक, अपघात झालेला नसतानाही, कळवायची आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवायचे. शिक्षेच्या भीतीने ज्या चुका लपवल्या जात, त्या आता अभ्यासाला मिळू लागल्या.

पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९७७ रोजी, टेनेरिफ बेटावर धुक्यात धावपट्टीवरच दोन जम्बो जेट आदळून ५८३ माणसे मेली. उड्डाणानंतरचा मार्ग सांगणाऱ्या सूचनेला एका वैमानिकाने उड्डाणाचीच परवानगी समजले होते. त्याच्या संदिग्ध वाक्याला मनोऱ्याने ‘ओके’ म्हटले आणि पुढची ‘थांबा’ ही सूचना दुसऱ्या विमानाच्या आवाजात मिसळून गेली. त्यानंतर भाषेचे नियम कडक झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. महत्त्वाची सूचना मिळाल्यावर ‘रॉजर’ पुरत नाही. उंची, दिशा, धावपट्टी हे सारे वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे आणि नियंत्रकाने ते लक्ष देऊन ऐकायचे. रेल्वेचा प्रायव्हेट नंबर अशा रीतीने आकाशात पोचला.

चरखी दादरी

तरीही १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ आलीच. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ चढत होते. कझाकस्तानचे इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढण्याची आणि कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना होती. समोरून विमान येत आहे, हेही कझाक विमानाला सांगितले होते. हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही आदळली आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. दोन विमाने हवेत आदळून इतकी प्राणहानी जगात दुसरीकडे कोठेच झालेली नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने मुख्य दोष कझाक विमानाला दिला. ते १५,००० फुटांवर न थांबता खाली आले होते. इंग्रजी नीट न समजणे आणि त्या विमानातील माणसांचा आपापसांत मेळ नसणे, ही त्यामागची कारणे होती. नियंत्रकाशी बोलण्याचे काम वेगळ्या रेडिओ चालकाकडे होते आणि विमान वैमानिक चालवत होता. म्हणजे नियंत्रकाने विमानाला सांगितलेला निरोप विमानाच्या आतही आणखी एका हातातून जायचा होता.

पण आयोग तेवढ्यावर थांबला नाही. दिल्लीला येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना तेव्हा एकच मार्गिका होती, कारण आसपासचे बरेच आकाश हवाई दलासाठी राखलेले होते. दिल्लीचे त्या वेळचे रडार विमानाची जागा दाखवी, उंची दाखवत नसे. त्यामुळे उंचीसाठी नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच अवलंबून राहावे लागे. पुढे येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि उंची दाखवणारी रडार बसली. समोरच्या विमानाची चाहूल घेऊन वैमानिकाला ‘चढा’ किंवा ‘उतरा’ सांगणारे टक्करविरोधी यंत्र भारताने प्रवासी विमानांत सक्तीचे केले. आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांच्या आणि नियंत्रकांच्या इंग्रजीची कसोटी घेण्याचा नियम २००८ पासून जगभर लागू झाला.

यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनवर दोन विमाने आदळली, तेव्हा दोन्हींत टक्करविरोधी यंत्रे होती आणि ती चालूही होती. यंत्राने एका विमानाला ‘चढा’ सांगितले, नियंत्रकाने त्यालाच ‘उतरा’ सांगितले. कोणाचे ऐकायचे हे पुरेसे स्पष्ट नव्हते. विमान उतरले. दुसरे विमान आपल्या यंत्राचे ऐकून उतरतच होते. ७१ जण मेले, त्यांत शाळकरी मुले बरीच होती. त्या रात्रीही नियंत्रक एकटा दोन जागा सांभाळत होता. शेजारच्या केंद्राला धोका दिसला होता, पण दुरुस्तीसाठी दूरध्वनी बंद असल्यामुळे त्यांना कळवता आले नाही. त्यानंतर यंत्र आणि नियंत्रक यांच्यात विरोध आला तर यंत्राचे ऐकायचे, हा नियम निःसंदिग्ध शब्दांत मांडला गेला.

वर्गातला ‘रॉजर’

या सगळ्या घटनांत अडाणी किंवा बेफिकीर माणसे फारशी भेटत नाहीत. बहुतेक जण शिकलेले, अनुभवी आणि आपले काम मनापासून करणारे होते. सांगणाऱ्याच्या मनात एक चित्र होते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरे. दोन्ही चित्रे वेगळी आहेत हे वेळेत कळण्याची सोय नव्हती, किंवा असलेली सोय वापरली गेली नाही. आजची सुरक्षितता त्या सोयींची बनलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक सोयीमागे एका अपघाताची तारीख आहे.

शिक्षकांना हा अनुभव परका नाही. धडा संपल्यावर आपण विचारतो, ‘समजलं का?’ सारा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘हो सर!’ हा वर्गातला ‘रॉजर’. आवाज पोचला एवढेच त्यातून सिद्ध होते. बीजगणितातील कंस सोडवताना मुलाने मनात कोणते चित्र धरले आहे, हे कळायला त्यालाच ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे लागते. चुकले तर रागावले जाणार अशी भीती त्याला असेल, तर तो सांगणार नाही आणि चूक परीक्षेपर्यंत लपून राहील.

यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांची एक आकृती द्या. त्याने फक्त बोलून तिचे वर्णन करायचे आणि दुसऱ्याने ती काढायची. पहिल्या फेरीत दुसऱ्याने फक्त ‘हो’ म्हणायचे. दुसऱ्या फेरीत नवी आकृती घ्या. आता प्रत्येक सूचना दुसऱ्याने परत म्हणून दाखवायची आणि पहिल्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच रेघ ओढायची. दोन्ही फेऱ्यांतील चित्रे मूळ आकृत्यांशेजारी फळ्यावर लावा. दोन्हींत किती फरक पडला आणि कोणत्या सूचनेपाशी पडला, हे मुलांनाच शोधू द्या.

मग ॲटलास उघडून पट्टीने त्या दोन रेषा काढायला सांगा. आपल्याच जिल्ह्याच्या डोक्यावर, कित्येक हजार फुटांवर, कोणीतरी या क्षणी एक आकडा सांगत असेल आणि दुसरा तो परत म्हणून दाखवत असेल, हे मग त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.